बोलणं वेळेवर पोचावं म्हणून

समोरासमोर गप्पा चालू असताना एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो? भाषाशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये जगभरातल्या दहा भाषा घेऊन हे मोजलं. भाषेगणिक थोडंफार कमीजास्त होतं, पण सगळ्यांची मिळून सरासरी पाव सेकंदाच्या आतच येते. म्हणजे समोरच्याचं बोलणं संपायच्या आधीच आपलं उत्तर ओठांवर आलेलं असतं. मोबाइल कॉलला या तालात बसायचं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी की, तोंडातून निघालेला शब्द पलीकडच्या कानात १५० मिलिसेकंदांच्या आत पडावा. ४०० च्या पुढे जाऊच नये.

कॉल सुधारायचा म्हटलं की आवाज स्वच्छ करण्याचा विचार आधी येतो. माझं म्हणणं असं की, तो आधी वेळेवर पोचायला हवा. स्वच्छतेचं नंतर बघता येतं.

*

जर्मनीतल्या संशोधकांचा २०१४ मधला एक अभ्यास लक्षात ठेवण्यासारखा आहे. फोनवर बोलणाऱ्या लोकांच्या लाइनमध्ये उशीर घातला आणि नंतर समोरच्या माणसाबद्दल मत विचारलं. उशीर जास्त असताना लोकांना समोरचा माणूसच कमी लक्ष देणारा, कमी आपुलकीचा वाटला. दोष लाइनचा आणि ठपका माणसावर.

परदेशात गेलेला मुलगा हल्ली तुटक बोलतो, सून मध्येच तोडते, अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्यातल्या निदान काही मिलिसेकंदांच्या खात्यावर टाकायला हव्यात.

*

पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ आर्वीला विक्रम उपग्रह भू-केंद्र १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. त्या काळी परदेशचे ट्रंक कॉल या केंद्रातून भूस्थिर उपग्रहावर जात. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. वर आणि खाली मिळून ७२,००० किलोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही पाव सेकंद. प्रश्न विचारून उत्तर यायला अर्धा सेकंद नुसता प्रवासात जायचा. जुन्या पिढीतली माणसं परदेशच्या फोनवर एक वाक्य बोलून थांबत, मग पुढचं बोलत. ती सवय अशी लागलेली होती.

*

आज समुद्राखालच्या केबलमुळे तो वळसा वाचला, पण अंतर काही संपलं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सरळ अंतर साडेतेरा हजार किलोमीटर. म्हणजे केबल नाकासमोर सरळ गेली असती तरी ६७-६८ मिलिसेकंद लागले असते, आणि केबल कधीच सरळ जात नाही. शिवाय फोन आवाजाचे २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. तुकडा भरेपर्यंत थांबावं लागतं. मग रेडिओवरून टॉवरपर्यंतचा वेळ, पलीकडच्या टोकाला पुन्हा तेवढाच, तिथे थोडं थोपवून धरणं, मग उलगडणं. १५० मिलिसेकंदांच्या कमाईत हा सगळा संसार चालवायचा. पुढे ज्या युक्त्या टिपल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच या हिशेबातून निघालेल्या आहेत.

*

इंटरनेटवरून फाइल पाठवली आणि वाटेत तिचा एक तुकडा, म्हणजे पॅकेट, हरवलं, तर टीसीपी नावाचा नियम ते पुन्हा मागवतो. फाइलला ते बरोबर आहे. व्हॉट्सॲपवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर तिथेही चालतं, कारण तो दहा सेकंद उशिरा पोचला तरी कुणाचं अडत नाही. चालू बोलण्यात मात्र हरवलेलं पॅकेट परत येईपर्यंत वाक्य पुढे गेलेलं असतं. म्हणून कॉल यूडीपीवरून जातो: पाठवलं, पोचलं तर पोचलं. उशिरा आलेलं पॅकेट टाकून देतात. गेलेल्याचा पाठलाग करायचा नाही, ही सगळ्या तंत्रांमागची पहिली शिस्त.

*

पॅकेटं निघतात एकसारख्या अंतराने, पण पोचतात कशीही: दोन चिकटून, मग मोठी फट, मग तीन एकदम. पलीकडचा फोन ती क्षणभर थोपवून धरतो आणि ओळीने सोडतो. याला जिटर बफर म्हणतात. बफर मोठा केला तर आवाज तुटत नाही पण उशीर वाढतो. लहान केला तर उशीर घटतो पण आवाज तुटतो. चांगला बफर हे माप कॉल चालू असतानाच बदलत राहतो. साठा जास्त झाला की बोलणं किंचित भरभर वाजवून तो उरकतो, कमी पडला की किंचित लांबवतो, आणि आवाजाची पट्टी बदलू देत नाही. समोरचा मध्येच घाईघाईने बोलल्यासारखा वाटतो, तेव्हा बरेचदा हेच चाललेलं असतं.

*

मग हरवलेल्या २० मिलिसेकंदांच्या जागी काय वाजवायचं? शांतता ठेवली तर टक्कन खटका ऐकू येतो. म्हणून मागच्या तुकड्यातला स्वर तसाच पुढे ओढतात. एखादा तुकडा गेला तर कानाला पत्ता लागत नाही. सलग गेले की तोच स्वर घासत राहतो आणि आपण म्हणतो, ‘तुझा आवाज रोबोटसारखा येतोय.’

ओपस या कोडेकमध्ये, म्हणजे आवाज दाबून पाठवायच्या आणि पलीकडे उलगडायच्या पद्धतीत (२०१२), आणखी एक सोय आहे: प्रत्येक पॅकेटबरोबर आधीच्या पॅकेटची एक भरड प्रत पाठवता येते. मूळ हरवलं तर त्या प्रतीवर भागतं.

गूगलने २०२० मध्ये ड्युओ या कॉलच्या ॲपसाठी हरवलेली जागा भरण्याचं काम शिकवलेल्या न्यूरल नेटवर्कवर सोपवलं. अर्धवट राहिलेलं अक्षर ते पुरं करतं, पण १२० मिलिसेकंदांपर्यंतच. त्यापुढे आवाज हळूहळू विरत नेतात. ही मर्यादा मला फार मोलाची वाटते. यंत्राने अक्षर सांधावं. माणूस जे बोललाच नाही तो शब्द त्याच्या तोंडी घालू नये.

*

मोबाइलवरच्या जवळजवळ प्रत्येक साध्या कॉलमागे बिष्णू अटल यांचं काम आहे, आणि हे नाव आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. जन्म १९३३, कानपूर. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिक्षण, १९६१ पासून अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये.

त्यांनी रुजवलेली कल्पना अशी. बोलताना गळ्यात स्वरतंतू थरथरतात. जीभ, ओठ आणि टाळू त्या थरथरीला आकार देतात. जिभेचे स्नायू बिचारे किती वेगाने हलणार! २० मिलिसेकंदांत तोंडाचा आकार फारसा बदलत नाही, म्हणून तो दहाएक आकड्यांत सांगता येतो. बाकी राहिली गळ्यातली थरथर. तिच्यासाठी दोन्ही फोनमध्ये एकच कोष ठेवायचा आणि त्यातल्या सर्वांत जवळच्या नमुन्याचा नुसता क्रमांक पाठवायचा. आवाज जातच नाही. आवाज कसा घडवायचा याची कृती जाते. जुन्या डिजिटल टेलिफोनला सेकंदाला ६४ हजार बिट लागत, तिथे मोबाइलचं काम साधारण १२ हजारांत भागू लागलं.

अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी ही पद्धत प्रथम करून पाहिली ती क्रे-१ या महासंगणकावर. एका सेकंदाचं बोलणं बसवायला त्याला १५० सेकंद लागत होते. आज खिशातला फोन तेच काम बोलता बोलता करतो.

*

‘स सशाचा, श शहामृगाचा, फ फणसाचा.’ फोनवर नाव किंवा पत्ता सांगताना आपण असं करतो, कारण जुना टेलिफोन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी नेत असे. ‘स’चा जोर बहुतेक त्याच्या वर असतो. वरचं कापलं की स, श आणि फ एकमेकांत मिसळतात. खालूनही कापलं जातं: पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर शंभर-सव्वाशे हर्ट्झला असतो, तो लाइनवर नसतोच. मेंदू वरच्या स्वरांवरून तो मनाशी पुरा करतो.

एचडी व्हॉइसने ही पट्टी ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत रुंद केली. आपल्याकडे ती घरोघरी पोचली व्होल्टीबरोबर, म्हणजे फोरजीवरून जाणाऱ्या कॉलबरोबर, ५ सप्टेंबर २०१६ ला जिओचं जाळं सुरू झाल्यानंतर. त्या जाळ्यात टूजी-थ्रीजी नव्हतंच, त्यामुळे साधा कॉलसुद्धा फोरजीच्या डेटावरूनच जाणार होता. पण दोन्ही टोकांना व्होल्टी आणि एचडी असेल तरच हा आवाज मिळतो. म्हातारी माणसं ‘तुझं बोलणं कळत नाही’ म्हणाली, तर त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टी चालू आहे का, हे आधी बघावं.

*

संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून कमी वेळ बोलतो. उरलेला वेळ ऐकतो. मग त्याची शांतता कशाला पाठवायची? फोन ती ओळखतो आणि पाठवणं थांबवतो. बॅटरी वाचते, टॉवरवर इतरांना जागा होते. पण पलीकडे अगदी शुकशुकाट झाला की माणूस घाबरून ‘हॅलो? हॅलो?’ करतो. म्हणून ऐकणाऱ्याचा फोन स्वतःच मंद खरखर तयार करून वाजवतो, जी पलीकडच्या खोलीतल्या आवाजाशी जुळवून घेतलेली असते. कॉल चालू असल्याचा दिलासा एवढंच तिचं काम.

*

व्होल्टीच्या एका पॅकेटमध्ये प्रत्यक्ष आवाज तीसेक बाइट, आणि तो कुठून कुठे जायचा हे सांगणारं हेडर ४० बाइट; आयपीव्ही-६ असेल तर ६०. चिठ्ठीपेक्षा पाकीट जड. त्या हेडरमधला बहुतेक मजकूर मात्र कॉलभर तोच राहतो, म्हणून फोन आणि टॉवर तो एकदाच ठरवून घेतात आणि पुढे फक्त बदल कळवतात. ६० बाइटचे तीन-चार होतात.

शिवाय व्होल्टीच्या आवाजाला टॉवरकडे राखीव वाट असते: शंभर पॅकेटांतलं फार तर एक हरवावं आणि रेडिओच्या टप्प्यात १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असं तिथलं माप आहे. ॲपवरच्या कॉलला ही वाट सहसा मिळत नाही. तो इतरांच्या रील्सबरोबर रांगेत उभा असतो. जत्रेत, वारीत, मॅच सुटल्यावर स्टेशनवर ॲपचा कॉल अडखळला तर सरळ नंबर डायल करावा.

*

‘तुझा आवाज मला येतोय, माझा तुला जात नाही का?’ हे वाक्य कोकणात, घाटात, डोंगराच्या पोटातल्या वाड्यांवर सगळ्यांनी ऐकलेलं आहे. कारण सरळ आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून जास्त ताकदीने बोलतो. फोरजी फोनची ताकद कमाल पाव वॅटहूनही कमी. टॉवरचं फोनपर्यंत पोचतं, फोनचं टॉवरपर्यंत पोचत नाही.

टोकाच्या फोनसाठी युक्ती अशी की, एकच पॅकेट लागोपाठ चार वेळा पाठवतात. चारही अर्धवट ऐकून टॉवर त्यातून एक पुरं उभं करतो. आपल्याकडूनही मदत होते: फोन मुठीत घट्ट धरू नये, पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या आत बोलण्यापेक्षा टॉवरच्या बाजूच्या खिडकीत यावं. घरात वायफाय चांगलं आणि रेंज वाईट असेल तर वायफाय कॉलिंग चालू करावं. आपल्याकडे ते २०१९ च्या डिसेंबरपासून मिळू लागलं.

*

स्वतःचंच बोलणं घुमून परत ऐकू आलं की आपण आपला फोन बदडतो. दोष बहुतेक वेळा पलीकडच्या फोनचा असतो: तिथल्या स्पीकरमधून आपला आवाज निघतो, तिथल्याच माइकमध्ये शिरतो आणि परत येतो. म्हणून सांगायचं ते त्यांना: स्पीकर बंद करा किंवा आवाज कमी करा.

एरवी हा घुमारा ऐकू येत नाही याचं श्रेय मनमोहन सोंधी यांच्याकडे जातं. अटल यांच्यासारखे तेही बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले, तेही बेल लॅब्जमधले. १९६० च्या दशकात तिथल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वतःला जुळवून घेणारा प्रतिध्वनी-नाशक तयार केला. स्पीकरमधून काय निघालं हे फोनला माहीत असतं. खोलीत ते कसं बदलून माइकमध्ये येईल याचा अंदाज तो बांधतो, तेवढं वजा करतो, आणि चुकलेल्या अंदाजावरून पुढचा सुधारतो. फोन टेबलावरून उचलला की सगळं गणित नव्याने. म्हणून स्पीकरवर बोलताना फोन एका जागी ठेवलेला बरा.

*

ब्लूटूथवर गाणी सुरेल वाजतात आणि कॉल आला की आवाज एकदम डबक्यातला होतो. गाण्याची वाट एकतर्फी आणि रुंद. कॉलला माइकही हवा, म्हणून ब्लूटूथ दुसऱ्या, अरुंद वाटेवर जातं. जुन्या उपकरणात ती पुन्हा त्या जुन्या टेलिफोनच्या अरुंद पट्टीची. महत्त्वाच्या कॉलला, मुलाखत असो की डॉक्टर, वायरचा साधा इअरफोन अजूनही भरवशाचा. उशीरही कमी.

*

कोरोनाच्या टाळेबंदीत गाण्याच्या शिकवण्या फोनवर आल्या आणि गुरुजनांना वेगळाच अनुभव आला: तानपुरा ऐकूच जात नाही. गोंगाट गाळणारं गणित बोलण्याला ओळखतं, आणि जे एकसारखं, न थांबता चालू आहे त्याला पंखा समजून पुसतं. तानपुऱ्याचा गुण तोच त्याचा गुन्हा ठरला. झूममध्ये यासाठी मूळ आवाज तसाच जाऊ देण्याची सोय आहे. संगीत शिकवणाऱ्यांनी ती शोधून चालू करावी.

एकत्र गाणं मात्र जमत नाही. दोघांच्या आवाजात २५-३० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडलं की लय सुटायला लागते. बोलण्याला चालणारे १५० मिलिसेकंद ठेक्याला चालत नाहीत. गुरूने म्हणावं, शिष्याने ऐकून मग म्हणावं, हाच क्रम धरावा.

*

चित्राकडे वळलं की अटल आणि सोंधी यांच्यानंतर तिसरं नाव येतं: नासिर अहमद, जन्म १९४०, बंगळूर. चित्राचे छोटे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोन ठळक आणि बारीक नक्ष्यांच्या बेरजेत मांडायचा, आणि डोळ्याला न जाणवणारी बारीक नक्षी गाळायची. १९७२ मध्ये यासाठी त्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अनुदान मागितलं; मिळालं नाही. १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर त्यांनी ती पद्धत प्रसिद्ध केली. आजचा व्हिडिओ कॉल याच कल्पनेच्या पुढच्या रूपांवर चालतो. रेंज घसरली की चेहऱ्यावर चौकोन उमटतात, ते हेच.

*

दिवेलागणीला, खोलीत दिवा लावायच्या आधी व्हिडिओ कॉल करून पाहावा. कॅमेरा अंधारात ताण देऊन बघतो, त्यामुळे चित्रात दाणे येतात. दाणे दर फ्रेमला वेगळे. व्हिडिओ दाबण्याची सगळी युक्ती मागच्या फ्रेमवरून पुढची ओळखण्यावर असते, आणि दाण्यांचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. मग बिट दाण्यांवर खर्च होतात आणि चेहरा धूसर राहतो. दिवा लावला की त्याच रेंजवर चेहरा उजळतोच, शिवाय रेखीवही होतो.

मागे फिरणारा पंखा, हलणारी झाडं, हातात थरथरणारा फोन यांचाही खर्च असाच. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवावा, उजेड समोरून घ्यावा, पाठीमागे साधी भिंत असावी.

*

वाटेत कुठे रांग वाढू लागली की पॅकेटं एकेक करून थोडी उशिरा येऊ लागतात, हरवायच्या आधीच. चांगलं ॲप ही चाहूल ओळखून चित्राचे बिट लगेच कमी करतं. समोरचा चेहरा जरा पुसट झाला आणि बोलणं अखंड राहिलं, तर तंत्राने आपलं काम चोख केलं असं समजावं. आवाजाला सेकंदाला वीस-तीस हजार बिट पुरतात. चित्र लाखांनी खातं. अडचणीच्या वेळी कुणाला राखायचं हे उघड आहे.

*

कर्णबधिरांसाठी मात्र हा क्रम उलटा. त्यांचं बोलणं हातांत आणि चेहऱ्यावर असतं. तिथे चित्र अडकलं की वाक्य तुटतं. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात ‘मोबाइल-एएसएल’ या प्रकल्पाने संथ जाळ्यावर खुणांची भाषा नेण्याचा ध्यास घेतला. खुणा बघणारा माणूस बहुतेक वेळ समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहतो, म्हणून बिट चेहऱ्यावर आणि हातांवर खर्च करायचे, भिंतीवर नाहीत. हात थांबले की फ्रेम कमी करायच्या. ऐकू येणाऱ्यांसाठी शांतता ओळखतात, तशी यांनी हातांची शांतता ओळखली. आपल्या ॲपमध्ये ‘चित्र आधी’ असं एक बटण यायलाच हवं.

*

व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाने २०२४ मध्ये सांगितलं की, व्हॉट्सॲपवर रोज कोट्यवधी कॉल दहा वर्षांहून जुन्या फोनवरून होतात. त्यांच्यासाठी कमी गणितात चालणारा नवा कोडेक त्यांनी आणला. ही दिशा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नवी तंत्रं आधी महागड्या फोनमध्ये येतात आणि खरी गरज शेवटच्या घरातल्या जुन्या फोनला असते. कॉलची परीक्षा तिथे घ्यावी.

*

जाहिरातीत आकडा असतो वेगाचा: सेकंदाला किती मेगाबिट. बोलायला त्यातला शंभरावा हिस्साही लागत नाही. लागतं ते पॅकेट किती उशिरा येतं, किती अनियमित येतं आणि किती हरवतं, याचं उत्तर. दूरसंचार नियामक ट्रायने २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांत हे तिन्ही निकष धरले आहेत. म्हणजे विचारायला आधार आहे. नवं सिम घेताना, सोसायटीत किंवा ग्रामपंचायतीत टॉवरचा विषय निघाल्यावर, वेगाबरोबर हे तीन आकडेही मागावेत. गिऱ्हाईक जे मोजून मागतं, त्यावरच कंपनी पैसा खर्च करते.